चढावरचे खटके

पार्कातली सगळ्यात जुनी राइड म्हणजे पन्हळ. कमानीवर तिचं रंगीत, भारदस्त नाव लिहिलेलं होतं, पण ते पाहुण्यांसाठी. कामावरची माणसं तिला पन्हळच म्हणत, कारण ती होतीच तशी. फायबरची लांबलचक नागमोडी पन्हळ, तिच्यातून पंपाने सोडलेलं पाणी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या, झाडाच्या ओंडक्यासारख्या दिसणाऱ्या होड्या. एका ओंडक्यात चार माणसं. आधी दोन वळणं रमतगमत, मग रबरी पट्ट्यावरून चौदा मीटर वर, आणि वरून धाडकन खाली तळ्यात. सव्वीस वर्षं लोक त्या तळ्यात भिजत होते आणि ओलेचिंब होऊन पुन्हा रांगेत उभे राहत होते.

ती बसवली तेव्हा ज्याने पहिला नट आवळला, तो फिटर अजून तिथेच होता. सगळा पार्क त्याला फिटरदादा म्हणायचा. राइड चालवणारी ऑपरेटर ही त्याची सख्खी धाकटी बहीण. तिच्या गळ्यात कायम शिट्टी लटकलेली असे, म्हणून तिचं नाव शिट्टीताई.

एकोणीस वर्षांपूर्वी ती तिकिटाच्या खिडकीवर होती. तिथे एका गिऱ्हाइकाने सुट्ट्यावरून तिला अर्धा तास छळलं. तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याची टोपी खाली ओढली, थेट नाकापर्यंत. नोकरी जाणारच होती. तेव्हा दादा तेलकट हातांनीच ऑफिसात गेला आणि म्हणाला, "तिला माझ्याकडे द्या. माझ्याकडे माणसांशी बोलायचं काम कमी आहे." तेव्हापासून ती पन्हळीच्या केबिनमध्ये. ओंडके सोडायचे, कुणी उभं राहिलं की शिट्टी फुंकायची, काही बिनसलं की लाल बटण दाबायचं. बटणावर हात ठेवायचा, पण घाईने दाबायचं नाही आणि दाबायची वेळ आली तर विचार करत बसायचं नाही, हे दादानेच तिला शिकवलं होतं.

सकाळचं काम ठरलेलं असे. दादा हौद भरून घ्यायचा, पंप चालू करायचा, मग चढालगतच्या त्र्याऐंशी लोखंडी पायऱ्या चढून वरच्या ओट्यापर्यंत जायचा आणि एकेक खटका हाताने दाबून बघायचा. चढावर असे सतरा खटके होते. ओंडका पुढे सरकला की खटका त्याच्या पोटाखाली दबायचा आणि ओंडका गेला की मागून टक्कन वर उसळायचा. पट्टा तुटला, वीज गेली, काहीही झालं, तरी ओंडका मागे घसरून खालच्यावर आदळू नये म्हणून ही सोय. खाली आल्यावर दादा तपासणीच्या कागदावर खूण करायचा, सही करायचा, आणि ताई तीन रिकामे ओंडके सोडून बघायची. मग फाटक उघडायचं.

त्या वर्षी हंगामाच्या ऐन मध्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. केबिन चढाच्या पायथ्याशीच होती. ओंडका वर जाताना टक, टक, टक असा आवाज तिच्या कानांवरून दिवसातून शेकडो वेळा जायचा, इतका की तो ऐकू येणंच बंद झालं होतं. एके दुपारी तो ऐकू आला, कारण त्यात मध्येच जागा रिकामी राहत होती. तिने पुढचा ओंडका मोजला. पंधरा. त्याच्या मागचाही पंधरा.

"दादा, दोन खटके वाजत नाहीयेत," ती जेवणाच्या सुट्टीत म्हणाली.

"तुझे कान वाजतायत," दादा डब्यातून मान वर न काढता म्हणाला. "सकाळीच बघितलेत मी."

"मी मोजलं."

"मोज की मग. पगार तुला त्याचाच मिळतो वाटतं."

तसं त्या दोघांचं रोजच काही ना काही वाजायचं. पण एरवी दादा भांडताना डोळ्यांत डोळे घालून भांडायचा. आज तो डब्याचं झाकण लावण्यात गुंतला होता आणि झाकण केव्हाच लागलेलं होतं. ताईच्या मनातून ते जाईना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती तासभर आधी आली आणि कुणालाही न सांगता पायऱ्या चढायला लागली. सहावा खटका खाली दबलेलाच होता. अंगठ्याने दाबला, उचकटायला बघितलं, तो ढिम्म हलला नाही. अकराव्याचं तेच. वर पोहोचली तेव्हा तिला चांगलीच धाप लागली होती. वरच्या ओट्यावर जायला एक छोटं जाळीचं दार होतं. त्याच्या बिजागरीत एका पाखराने घरटं बांधलं होतं. काड्या, दोऱ्याचे तुकडे, कुणाच्या तरी रिबिनीची चिंधी, आणि आत तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी. दार उघडलं तर घरटं चिरडल्याशिवाय राहिलं नसतं. म्हणजे ते दार कितीतरी दिवसांत कुणी उघडलेलंच नव्हतं.

ती तिथेच शेवटच्या पायरीवर बसली. खाली सगळा पार्क दिसत होता. झाडूवाले, फुगे फुगवणारा, बंद पाळणे. तिला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि भीती जास्त वेळ टिकली. काल दिवसभरात तिने स्वतःच्या हाताने कितीतरी ओंडके या चढावर चढवले होते. त्यात एक बाई होती, दोन मुलींच्या मध्ये बसलेली, दोघींना घट्ट धरून.

दादा पंपाच्या खोलीत स्टुलावर बसून चहा पीत होता. भिंतीवरच्या पाटीला आजचा कागद लावलेला होता. सतरा खटक्यांपुढे सतरा खुणा आणि खाली सही. एक पाय स्टुलावरून पुढे ताठ पसरलेला.

"वर गेला होतास?" तिने विचारलं.

"हो मग."

"दारात घरटं आहे, दादा. अंडी आहेत त्यात."

दादाने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा असा झाला की ताईला क्षणभर वाटलं, आपण विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.

"गुडघा वळत नाही," तो शेवटी म्हणाला. "पाचव्या पायरीच्या वर जाता येत नाही."

"कधीपासून?"

"झाले सहा आठवडे." मग तो भराभर बोलायला लागला. "हे बघ, दोनच अडकलेत. पंधरा आहेत ना? ओंडका फार तर हातभर घसरेल आणि पुढच्या खटक्यावर अडकेल. आज रविवार आहे. आजचा दिवस जाऊ दे. उद्या सुट्टी, उद्या मी काहीतरी करतो. एखादी शिडी..."

"नाही."

"अगं, ऐक तरी."

"नाही म्हटलं ना."

"मी थोरला भाऊ आहे तुझा," दादाचा आवाज चढला. "आणि इथला फिटर आहे. चालवायची की नाही, ते तू मला सांगणार?"

ताई केबिनमध्ये गेली, पॅनेलची किल्ली काढली, शिट्टीच्या दोरीत ओवली आणि गळ्यात घातली. मग फाटकावर 'आज राइड बंद आहे' ही पाटी लावून तिच्याखाली उभी राहिली.

दहा वाजता फाटकं उघडली, सव्वादहाला रांग लागली, साडेदहाला मॅनेजर आला. तरुण होता, दोन वर्षांपूर्वीच आलेला, रविवारी त्याच्या खिशातला फोन सतत थरथरत असे.

"ताई, हे काय? लोक ओरडतायत."

"चढावरचे दोन खटके अडकलेत, साहेब. मी वर जाऊन बघितलं."

मॅनेजरने केबिनमधली तपासणीच्या कागदाची प्रत हातात घेतली. "इथे तर सगळं ठीक लिहिलंय. आजचीच सही आहे. फिटरने तपासलंय ना?"

ताई गप्प राहिली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तिच्या तोंडून निघेना. एकोणीस वर्षांपूर्वी तेलकट हातांनी ऑफिसात शिरलेला माणूस तिला डोळ्यांसमोर दिसत होता. रांगेतलं एक पोरगं बापाच्या खांद्यावर बसून तिच्याकडे टक लावून बघत होतं.

"तपासलं नाही." मागून आवाज आला. दादा भिंतीला धरत धरत पंपाच्या खोलीतून बाहेर आला होता. "सही माझी आहे. पण मी वर गेलोच नाही. सहा आठवडे गेलो नाही. तिला आज कळलं, आणि कळल्या कळल्या तिने राइड बंद केली."

मॅनेजर चिडेल, असं दोघांनाही वाटलं होतं. तो चिडला नाही. त्याने एकदा चढाकडे बघितलं, एकदा रांगेकडे, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "गेल्या रविवारी माझी बहीण आली होती," तो म्हणाला. "भाच्यांना घेऊन. पन्हळीत बसवलं मी त्यांना."

त्याच दिवशी दादाला निलंबनाचं पत्र मिळालं. संध्याकाळी मॅनेजरने ताईला ऑफिसात बोलावलं. "वरच्यांच्या मनात ही राइड काढून टाकायचंच आहे," तो म्हणाला. "तपासनीस दहा दिवसांनी येतोय. तो नाही म्हणाला तर विषय संपला. दुसरा फिटर मागितलाय, पण एवढ्या जुन्या मालाला हात लावायला कुणी तयार नाही."

दोन दिवस दादाचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा आला. "जेवतात, झोपतात, पण तोंड उघडत नाहीत. तू ये बाई. नाहीतर मीच उद्या शिट्टी विकत आणते."

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तो खिडकीशी पाय वर ठेवून बसला होता. गुडघा नारळाएवढा सुजलेला. वहिनीने चहा ठेवता ठेवता सांगितलं, "जिना बसत बसत उतरतात. एकेक पायरी, लहान बाळासारखे. आणि मला म्हणायचे, पॅन्ट मळते ती कामावर मळते."

"सगळ्यांसमोर नाचक्की झाली माझी," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"मी एक शब्द बोलले नव्हते, दादा. बोललास तू."

"तू गप्प राहिलीस, तेच जड गेलं." तो वळला. "पहिल्या दिवशी पायरीपाशी अर्धा तास उभा होतो. सही करताना हात अडखळला. दुसऱ्या दिवशी कमी अडखळला. चौथ्या दिवशी पेन आपोआप चाललं. पण रोज पहिला ओंडका वर जाऊन पडेपर्यंत मी श्वास रोखून उभा असायचो, माहितेय? सहा आठवडे. कुणाला सांगू? फिटर चढू शकत नाही म्हटल्यावर घरी बसवणार. घरी बसून मी काय करू?"

ताईने चहा संपवला. "मला शिकव."

"काय?"

"सगळं. खटके, पट्टा, पंप. तू खाली बस, मी वर चढते."

दादा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. तिला चिडवायला का होईना, पण हसला. "वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी? साधा पाना धरता येत नाही तुला."

"वय कशाला लागतंय? गुडघे लागतात. ते आहेत माझ्याकडे दोन."

"जा हो तुम्ही," वहिनी आतून ओरडली. "तेवढीच माझी खिडकी मोकळी होईल."

मॅनेजरने थोडे आढेवेढे घेतले आणि मग अट घातली. दादाने कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. खुर्चीवर बसून बोलायला हरकत नाही. ताई जे करेल त्याचा रोज फोटो आणि नोंद त्याच्याकडे पोहोचली पाहिजे. ताईने मान डोलावली.

मग सहा दिवस दोघांनी काम केलं. चढाच्या पायथ्याशी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर दादा, हातात वॉकीटॉकी. वर ताई, कमरेला पट्टा, खिशात पक्कड आणि ग्रीसचा डबा. आधी तिने अलगद ते घरटं बिजागरीसकट सोडवलं आणि शेजारच्या खांबाच्या खोबणीत ठेवलं. पाखरू दिवसभर तिच्या डोक्यावरून फिरत राहिलं, पण दुसऱ्या दिवशी अंड्यांवर येऊन बसलं.

सहावा खटका उघडायला तिला पूर्ण दुपार लागली.

"पिन कुठल्या बाजूने ठोकतेस?" दादा खालून.

"उजवीकडून."

"तुझ्या उजवीकडून की माझ्या?"

"माझ्या! तुझी उजवी बाजू मला इथून कशी कळणार?"

"मग उलट ठोकतेयस. मी हजार वेळा सांगितलं."

"एकदाही सांगितलं नाहीस!"

"सांगितलं, तू ऐकत नाहीस. लहानपणापासून ऐकत नाहीस."

तेवढ्यात वॉकीटॉकीतून तिसराच आवाज आला. "पाळण्यावरून बोलतोय. दादा, खरंच सांगितलं नाहीत तुम्ही. आम्ही सगळे ऐकतोय." सगळा पार्क एकाच वाहिनीवर होता, हे दोघंही विसरले होते. पलीकडून कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली. त्यानंतर रोज चार वाजले की कुठून ना कुठून प्रश्न यायचा, "पिन निघाली का?"

निघाली. आत स्प्रिंगवर पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर बसला होता, दगडासारखा. दादाने तो कशात भिजवायचा, किती वेळ, मग कसा घासायचा ते सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच अडायला व्हायचं. जे हात सव्वीस वर्षं करत आले ते शब्दांत कसं घालायचं, त्याला सुचत नसे. "असं... जरा सैल वाटेपर्यंत," तो म्हणायचा. "सैल म्हणजे किती?" ती विचारायची. मग तो डोळे मिटायचा, रिकाम्या हवेत बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "दाराची कडी थंडीत लागते ना, तेवढं." तिला बरोबर कळायचं. दोनच अडकले होते, पण त्यांनी सतराही उघडले. तेराव्याची स्प्रिंग चिरलेली निघाली. तो आणखी महिनाभर टक टक वाजत राहिला असता आणि मग एक दिवस मोडला असता. ते बघून दादा बराच वेळ स्प्रिंग हातात घेऊन बसला. हत्याराला हात लावायचा नाही, अशी अट होती, पण तुटक्या स्प्रिंगबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

शेवटचे दोन दिवस पन्हळ रिकामी करून तिने वळणांवरच्या भेगा बुजवल्या. फायबरची चादर, वर उग्र वासाचं रसायन, वर पुन्हा चादर. रात्री घरी गेल्यावर पहिल्यांदा तिला स्वतःचे खांदे कुठे आहेत ते कळलं.

तपासनीस बुटका, कमी बोलणारा माणूस होता. त्याने आधी जुने कागद मागवले, ते सहा आठवड्यांचे. दादाला समोर बसवून विचारलं, "या सह्या का केल्या?"

"लाज वाटत होती म्हणून," दादा म्हणाला. बाकी काही नाही.

तपासनीसाने मान हलवून ते लिहून घेतलं. मग त्याने एका ओंडक्यात चार माणसांच्या वजनाएवढ्या पाण्याच्या पिशव्या भरायला लावल्या. ताईने पट्टा सुरू केला. ओंडका चढायला लागला. पाचव्या खटक्याच्या पुढे गेला, सहाव्यावरून सरकला, आणि तपासनीस म्हणाला, "वीज तोडा."

तिने तोडली. पट्टा थांबला. तपासनीसाने स्वतः पट्ट्याची पकड सोडवली, आणि भरलेला ओंडका मागे आला. बोटभर. खट् करून सहाव्या खटक्यावर बसला आणि हलला नाही. पिशव्यांमधलं पाणी मात्र बराच वेळ डुचमळत राहिलं. खुर्चीवर दादाने गुडघ्यावर हात दाबून धरले होते.

अकराव्यावर तेच केलं. मग तेराव्यावर. मग तपासनीस त्र्याऐंशी पायऱ्या चढून वर गेला, सगळे खटके एकेक करून दाबले, आणि खाली येऊन विचारलं, "काम कुणी केलं?"

"मी," ताई म्हणाली. "हात माझे. बाकी सगळं यांचं."

"परवाना आहे?"

"नाही."

"मग काढा." त्याने कागदावर एक वर्षाची परवानगी लिहिली. सोबत अटी. ताई परीक्षा पास होईपर्यंत दर आठवड्याला बाहेरचा फिटर येऊन तपासणार. सही दोन जणांची, आणि दुसऱ्याने वर जाऊन बघितल्याशिवाय ती करायची नाही. दादाला सहीचा अधिकार नाही, पण शिकवण्यासाठी ठेवायला हरकत नाही. कागद मॅनेजरच्या हातात देताना तो म्हणाला, "राइड जुनी आहे, पण वाईट नाही. तिच्याकडे लक्ष द्यावं लागेल, एवढंच." मॅनेजरने तो कागद तिथल्या तिथे दोनदा वाचला, आणि मग खिशातला फोन बंद करून टाकला.

पुढचं काही एका झटक्यात झालं नाही. परीक्षेच्या प्रात्यक्षिकात ताई पहिली आली आणि लेखीत नापास झाली. पाण्याचा दाब काढायचं गणित तिने दोनदा उलटं केलं होतं. दादाने वहीभर गणितं घालून दिली, तिने वही त्याच्या अंगावर फेकली, वहिनीने उचलून परत टेबलावर ठेवली. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. काठावर, पण झाली. दादाने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि पार्कातल्या इतर राइडचे तीन जण आठवड्यातून दोन दिवस त्याच्या खुर्चीभोवती शिकायला बसू लागले. तो त्यांनाही हजार वेळा सांगितल्याचं सांगायचा.

पुढच्या हंगामात एका साध्या मंगळवारी, गर्दी नसताना, दादा आणि वहिनी पाहुण्यांच्या फाटकातून आले. दादाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. फलाटावर त्याने ओंडक्याकडे असं बघितलं जसं रंग लावून घरी परत आलेल्या कपाटाकडे बघतात.

"आधी कधी बसलायस का यात?" ताईने विचारलं.

"मला काय गरज? कसं चालतं ते माहितेय मला."

"पुढे बस. पुढचा जास्त भिजतो."

"मी मागे बसतो मग."

"तुम्ही पुढेच बसा," वहिनी म्हणाली आणि त्याच्या मागे जाऊन बसली.

ताईने ओंडका सोडला. दोन वळणं गेली, चढ गेला, आणि शिखरावर ओंडका पळभर आडवा झाला तेव्हा दादाने दोन्ही हातांनी दांडी धरलेली तिला खालून दिसली. मग ओंडका खाली सुटला. दादा ओरडला. सव्वीस वर्षं, आणि आता सत्तावीस, जो माणूस तळ्याच्या काठावरून लोकांचं ओरडणं ऐकत होता, तो इतक्या जोरात ओरडला की पाळण्यावरचा ऑपरेटर उठून उभा राहिला.

ओंडका फलाटाला लागला. दादाचा शर्ट अंगाला चिकटला होता, केसांतून पाणी गळत होतं, आणि तो काहीतरी सांगायला बघत होता, बहुधा ओंडका वळणावर किंचित घासतो असं. पण वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला जागेवरच दाबून बसवलं.

"उतरायचं नाही," ती म्हणाली. "सोड गं, अजून एकदा."